जीव छोट्या यंत्रात, देह मोठ्या यंत्रात

जून १९९६मध्ये क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने ‘निन्टेन्डो ६४’ हे आपलं नवं घरगुती यंत्र जपानच्या बाजारात उतरवलं. सेकंदाला नऊ कोटींहून अधिक ठोके देणारा प्रोसेसर, टीव्हीच्या पडद्यावर उभं राहणारं त्रिमितीय जग, आणि चौघांना एकदम खेळता यावं म्हणून पुढच्या बाजूला कंट्रोलर लावायच्या चार खाचा. कंपनीची सगळी अब्रू त्या पेटीवर लागलेली होती. दीड वर्षापूर्वी आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशनने जपानमधला बाजार भराभर खेचून नेला होता. निन्टेन्डोचंच सात वर्षं जुनं, हातात धरून खेळायचं ‘गेम बॉय’ मात्र आता संपत आलं, असंच बहुतेकांना वाटत होतं.

पुढच्या चार-पाच वर्षांत घडलं ते भलतंच. संपत आलेल्या यंत्राने नव्या यंत्राला आधार दिला. त्या काळात या दोघांना जोडणारा ‘पोकेमॉन स्टेडियम’ नावाचा खेळ आला, आणि घरगुती यंत्र आणि खिशातलं यंत्र यांची इतकी मनापासून केलेली सांगड मला दुसऱ्या कुठल्याही खेळात दिसलेली नाही.

गेम बॉय गुनपेई योकोई यांच्या चमूने १९८९ साली बनवलं होतं. १६० बाय १४४ ठिपक्यांचा हिरवट पडदा, चार छटा, आत चार पेन्सिल सेल. स्वस्त झालेलं, पुरतं मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याच्याकडून कुणी न केलेलं काम करून घ्यायचं, हा योकोईंचा बाणा. या यंत्राच्या बाजूला एक छोटी खाच होती. तिच्यात केबल लावून दोन मुलांना आपापली यंत्रं जोडता येत. बहुतेक खेळांत त्या केबलवरून फक्त सामने व्हायचे.

सातोशी ताजिरींना त्या केबलमधून किडा चालत पलीकडे जाताना दिसला. टोकियोजवळच्या माचिदा भागात लहानपण गेलेले ताजिरी शेतांत आणि तळ्यांकाठी किडे गोळा करण्यात रमलेले असत. पुढे त्या शेतांवर आणि तळ्यांवर इमारती उभ्या राहिल्या. १९८३मध्ये त्यांनी ‘गेम फ्रीक’ नावाचं हाताने बनवलेलं, खेळांविषयीचं नियतकालिक काढलं. चित्रकार केन सुगिमोरी तिथेच त्यांना भेटले, आणि १९८९मध्ये त्याच नावाची कंपनी उभी राहिली. गवतात हिंडून प्राणी पकडायचे, वाढवायचे, मित्राशी अदलाबदल करायची, ही कल्पना त्यांनी निन्टेन्डोकडे नेली आणि तिच्यावर जवळजवळ सहा वर्षं काम चाललं. २७ फेब्रुवारी १९९६ला ‘पोकेमॉन’ हा खेळ आला तो लाल आणि हिरवा अशा दोन आवृत्त्यांत. काही पोकेमॉन फक्त लालमध्ये, काही फक्त हिरव्यात. सगळे हवे असतील तर दुसऱ्या मुलाच्या दारात जाणं भागच होतं.

सुरुवातीला खप बेताचा होता. मग मुलांच्या तोंडूनच गोष्ट पसरत गेली. खेळ पूर्ण होता होता प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी चाचणीची साधनं काढून टाकल्यावर उरलेल्या तीनेकशे बाइटांच्या जागेत १५१वा, ‘म्यू’ नावाचा प्राणी बसवला होता. तो सरळ खेळून सापडत नसे. ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकाने १९९६मध्ये वीस जणांना म्यू देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा अर्ज आले ७८,०००. त्यानंतर गेम बॉय संपलं असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

आता जरा यंत्राच्या पोटात डोकावायला हवं, कारण पुढची सगळी कथा तिथून सुरू होते. या पहिल्या पिढीतला एक पोकेमॉन म्हणजे कार्ट्रिजच्या स्मृतीतले ४४ बाइट. (आपल्याकडची मुलं जिला ‘कॅसेट’ म्हणायची, तीच ही कार्ट्रिज.) शिवाय त्याचं नाव आणि मालकाचं नाव, प्रत्येकी ११ बाइट. प्राणी कोणता, त्याची पातळी काय, अंगात किती दम उरलाय, चार डाव कोणते, प्रत्येक डाव आणखी किती वेळा खेळता येईल, कुणाला किती वेळा हरवून तो किती घडला, हे सगळं त्या ४४ बाइटांत. मालकाचा क्रमांकही त्यातच, आणि जन्मजात ताकदीचे शून्य ते पंधराच्या दरम्यानचे काही आकडे, जे पडद्यावर कधीच दिसत नाहीत. म्हणून एकाच जातीचे, एकाच पातळीचे दोन पिकाचू सहसा अगदी सारखे निघत नाहीत. मुलगा शंभर तास खेळला की ते शंभर तास या बाइटांत साठत. त्यांना धरून ठेवायला कार्ट्रिजच्या आत नाण्याच्या आकाराची एक चपटी बॅटरी असे.

त्या बाइटांत नसायचं ते रूप. पडद्यावर दिसे ते ठिपक्यांचं स्थिर चित्र. लढाईत ते जरा थरथरे, चमके, आणि हल्ला झाला असं मजकूर सांगे. उरलेलं सारं मुलाच्या डोक्यात चाले. हाच प्राणी निन्टेन्डो ६४च्या ताकदीने चालता, उडता, कोसळताना दाखवायचा मोह कंपनीला झाला नसता तरच नवल.

नोव्हेंबर १९९७मध्ये चिबामधल्या माकुहारी मेस्से या प्रदर्शनकेंद्रात निन्टेन्डोचं ‘स्पेस वर्ल्ड’ भरलं. तिथे ‘पोकेमॉन स्टेडियम’ हा नवा खेळ दाखवला गेला. तेव्हाचा बेत तो कार्ट्रिजवर नव्हे, तर निन्टेन्डो ६४च्या खाली बसणाऱ्या ‘६४डीडी’ या चकतीच्या जोडयंत्रावर आणायचा होता. चकत्या स्वस्त, शिवाय त्यांच्यावर पुन्हा पुन्हा लिहिता येई. पण ६४डीडी लांबत गेलं. शेवटी ते डिसेंबर १९९९मध्ये जेमतेम बाजारात आलं आणि लगेच विस्मरणात गेलं. पोकेमॉनला तेवढं थांबणं परवडणारं नव्हतं. खेळ कार्ट्रिजवर हलवण्यात आला.

पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेले सातोरू इवाता त्या दिवसांत तिचे नोकरही नव्हते. ते यामानाशीतल्या हॅल लॅबोरेटरी या कंपनीचे अध्यक्ष होते. १९९२मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली बुडू पाहणारी ही कंपनी १९९३मध्ये त्यांनी हाती घेऊन सावरली होती. अध्यक्ष झाले तरी त्यांचा प्रोग्रामिंगचा हात सुटला नव्हता. गेम बॉयवरच्या लढाईचे सगळे नियम मोठ्या यंत्रावर कसे न्यायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. नियमांचं लिखित टिपण नव्हतं. होता तो फक्त मूळ प्रोग्राम, गेम बॉयच्या चिमुकल्या प्रोसेसरसाठी असेंब्ली भाषेत लिहिलेला, वर्षानुवर्षं ठिगळं लावत वाढलेला. इवातांनी तो ओळ न ओळ वाचला आणि लढाईचा भाग निन्टेन्डो ६४वर नेला. सुमारे आठवड्याभरात. मूळ लढाईचा प्रोग्राम ज्यांनी लिहिला त्या मोरिमोतोंनीच हा किस्सा पुढे, इवाता निन्टेन्डोचे अध्यक्ष झाल्यावरच्या एका मुलाखतीत, त्यांच्यासमोर सांगितला. आपल्याला ज्याला इतका काळ लागला ते या माणसाने आठवड्यात उलगडलं, याचं मोरिमोतोंना वाटलेलं आश्चर्य त्या मुलाखतीत स्पष्ट दिसतं.

हा किस्सा सहसा इवातांच्या बुद्धिमत्तेचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला त्यात त्याहून मोठी गोष्ट दिसते. नवे, सोपे, देखणे नियम बनवणं त्यांना कितीतरी सोयीचं पडलं असतं. पण नियम बदलले असते तर मुलाने वाढवलेला प्राणी पडद्यावर आला असता खरा, तो त्याचा मात्र राहिला नसता. ज्या डावाची ताकद त्याने शंभर लढायांतून ओळखली होती, तो डाव तसाच बसायला हवा होता. सगळी मेहनत त्या एका प्रामाणिकपणासाठी होती. जगभर गेलेल्या आवृत्तीत मूळच्या उघड चुका मात्र दुरुस्त झाल्या. गेम बॉयवर ‘फोकस एनर्जी’ हा वर्मी घाव बसण्याची शक्यता वाढवणारा डाव एका चुकीमुळे ती उलट कमी करायचा. स्टेडियममध्ये तो सांगितल्याप्रमाणे चालू लागला. ‘हायपर बीम’ मारून प्रतिस्पर्धी आडवा केला की गेम बॉयवर दम खायची गरज पडत नसे. इथे ती सूट गेली.

बाइट छोट्या यंत्रातून मोठ्या यंत्रात न्यायचे कसे, याचं उत्तर ‘ट्रान्सफर पॅक’ नावाच्या एका प्लास्टिकच्या डबीत होतं. निन्टेन्डो ६४च्या तीन मुठींच्या कंट्रोलरच्या पाठीमागे एक खाच असे. एरवी तिच्यात स्मृतिपत्र किंवा हादरे देणारी मोटर बसे. ट्रान्सफर पॅक त्याच खाचेत बसवायचा आणि त्याच्या तोंडात आपलं लाल किंवा निळं (जपानबाहेर हिरव्याऐवजी निळी आवृत्ती निघाली) कार्ट्रिज खोचायचं. मग मोठं यंत्र कंट्रोलरच्या वायरीतूनच त्या कार्ट्रिजची स्मृती वाचू लागे. गेम बॉय लागतच नसे. ४४ बाइट इकडे येत आणि मोठं यंत्र त्यांना देह देई. या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक मुलाचा कंट्रोलर वेगळा आणि प्रत्येकाच्या कंट्रोलरमध्ये त्याचं स्वतःचं कार्ट्रिज. दोघे शेजारी बसले की दोघांचे दोन संसार समोरासमोर यायचे.

पहिली जपानी आवृत्ती १ ऑगस्ट १९९८ला आली आणि मुलांचा हिरमोड झाला. १५१ प्राणी त्रिमितीय रूपात बघता येत होते, पण लढवता येत होते ते चाळीसच्या आसपास. स्पर्धांत लोकप्रिय असलेलेच त्यात घेतले होते. बाकीच्यांना वाढवणाऱ्या मुलांनी फक्त बघून समाधान मानायचं होतं. कंपनीने ती चूक लवकर सुधारली. ३० एप्रिल १९९९ला जपानमध्ये ‘स्टेडियम २’ आला, सगळे १५१ घेऊन. फेब्रुवारी २०००च्या अखेरीस अमेरिकेत आणि नंतर युरोपात नुसत्या ‘पोकेमॉन स्टेडियम’ या नावाने गेला तो हाच खेळ. म्हणजे जपानबाहेरच्या मुलांना अपुरा पहिला प्रयोग कधी बघावाच लागला नाही. जगभरात त्याच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या.

तालमीत पैलवान घडतो, पण गावाला तो कळतो जत्रेच्या फडात. स्टेडियमने केलं ते हेच. गेम बॉयवरचा खेळ हा एकट्याचा, अंथरुणात, गाडीत, दिव्याच्या उजेडात डोळे ताणून खेळायचा. इथे निवेदक ओरडून प्रत्येक घाव सांगे, प्रेक्षकांचा कल्ला होई, आणि पडद्यावर उतरलेला गायराडोस घरातल्या सगळ्यांना दिसे. आजवर त्याच्याविषयी फक्त ऐकलेल्या आईवडिलांनाही. टोपणनाव ठेवलेल्या पोकेमॉनचा रंगही थोडा बदलून येई. त्या नावाच्या अक्षरांवरून रंगछटा ठरवायचं गणित प्रोग्राममध्ये घातलेलं होतं. एखाद्या मुलाने आपल्या पिजीला दिलेलं नाव टीव्हीवर त्याचा स्वतःचा रंग घेऊन येई, इतका बारकावा कुणीतरी मन लावून बसवला होता.

लढाईचे नियम जपानमधल्या १९९७च्या स्पर्धांवरून आले. सहा पोकेमॉन घेऊन यायचं, समोरच्याचे सहा बघायचे आणि मग गुपचूप तीन निवडायचे. ‘पोके कप’मध्ये पातळी ५० ते ५५, आणि निवडलेल्या तिघांची बेरीज १५५च्या वर जाता कामा नये. म्हणजे एक जण ५५चा घेतला की उरलेले दोघे ५०चेच. एका बलाढ्य प्राण्यावर सगळं सोपवण्याची गेम बॉयवरची सवय इथे चालत नसे. प्रतिस्पर्ध्याच्या दोन पोकेमॉनांना एकाच वेळी झोपवून ठेवायलाही बंदी. ‘पेटिट कप’ लहान चणीच्यांचा, पातळी २५ ते ३०. ‘पिका कप’ १५ ते २०. ‘प्राइम कप’ला पातळीचं बंधन नाही. एकाच पडद्यासमोर बसलेल्या दोघांनी एकमेकांचे डाव बघू नयेत म्हणून चारही डाव वेगवेगळ्या बटणांवर वाटलेले असत, त्यामुळे समोरच्याने कोणतं बटण दाबलं ते कळत नसे. हा साधा उपाय फार कसून विचार करून काढलेला आहे.

याशिवाय आठ जिम लीडर आणि चार दिग्गजांचा किल्ला. सगळं जिंकलं की आकाशात एकटा म्यूटू, त्याच्याविरुद्ध आपले सहाही. त्याला पाडलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणखी कठीण. ज्याच्याकडे गेम बॉयचा खेळ नाही त्याला भाड्याचे पोकेमॉन मिळत. त्यांचे डाव मात्र मुद्दाम कमजोर ठेवलेले. त्या काळच्या समीक्षकांनी याच्यावर बोट ठेवलं: ना कथा, ना भटकंती, आणि स्वतःचं कार्ट्रिज नसेल तर खेळ अर्धाच. तक्रार खरी होती. पण हा खेळ त्याच मुलासाठी बनला होता, ज्याच्या खिशात आधीच एक जग होतं.

मोठ्या यंत्राने त्या जगाला परतफेडही केली. किल्ला जिंकला की बल्बासॉर, चारमँडर, हिटमोनली, ईव्ही, काबुटो अशा आठांपैकी एक प्राणी बक्षीस मिळे आणि तो गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये नेता येई. लाल-निळ्या खेळात हे बहुतेक एकाला घेतलं की दुसऱ्यावर पाणी सोडावं लागे अशा जातीचे. प्राइम कपची शेवटची पायरी स्वतःचा पिकाचू संघात घेऊन जिंकली की त्याला ‘सर्फ’ हा लाटांवर स्वार होण्याचा डाव शिकवला जाई. तो पिवळ्या आवृत्तीत परत नेला की समुद्रकिनाऱ्यावरच्या एका घरात, एरवी बंद असलेला, लाटांवरच्या कसरतींचा छोटा खेळ उघडे. गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये तो पहिल्या दिवसापासून होता, त्याची किल्ली मात्र दुसऱ्या यंत्रात. आणि ‘जीबी टॉवर’मध्ये शिरलं की आपलं लाल, निळं किंवा पिवळं कार्ट्रिज सरळ टीव्हीवर खेळता येई. स्पर्धा जिंकत गेल्यावर दुप्पट, मग तिप्पट वेगाने. ज्यांनी पातळ्या वाढवण्यात रात्री घालवल्या त्यांना या वेगाचं मोल कळेल.

आता ‘किड्स क्लब’. मोठ्या लढायांच्या कौतुकात हे नऊ छोटे खेळ मागे पडतात, आणि माझ्या मते घरोघरी हे यंत्र सुरू राहिलं ते यांच्याच जोरावर. त्यांना ना कार्ट्रिज लागे ना नियमांचं ज्ञान. धाकटं भावंडही चौथा कंट्रोलर उचलून बसू शके. लिकिटंग फिरत्या पट्ट्यावरची सुशी जिभेने उचलतो, आणि ज्याचं बिल सर्वांत मोठं तो जिंकतो. महागडी ताटली येईपर्यंत धीर धरणारा आणि दिसेल ते गिळणारा यांचा सामना. मॅजिकार्प, जो लढाईत काहीच करू शकत नाही, तो इथे उड्या मारून वरचं बटण दाबतो, आणि त्याच्या निरुपयोगीपणालाच खेळाचं रूप येतं. ड्राउझी लंबकाच्या तालावर एकेकाला झोपवतो. क्लेफेरी शिक्षकाच्या खुणा आठवून पुन्हा करतात. चुकलं की डोक्यात हातोडा. मेटापॉड आणि काकुना वरून पडणारे दगड अंग ताठ करून सोसतात. लवकर ताठलं तर दम संपतो, उशीर झाला तर दगड बसतो. सँडश्र्यू दोन बटणं आलटून पालटून दाबत जमीन खणतो, आणि बोटं दुखेपर्यंत तो खेळ थांबत नाही.

प्रत्येक खेळ त्या त्या प्राण्याच्या स्वभावातून काढलेला आहे. गेम बॉयवर ‘हार्डन’ हा मेटापॉडचा कंटाळवाणा डाव होता. इथे तोच श्वास रोखून धरायला लावतो. आपल्याकडे निन्टेन्डो ६४ क्वचितच कुणाच्या घरी होतं, आणि महाराष्ट्रातल्या मुलांना हे प्राणी भेटले ते पुढे कार्टून नेटवर्कवर, हिंदीतून बोलत. त्यांना लढाईचे आकडे माहीत नव्हते, पण मेटापॉडचा स्वभाव ठाऊक होता, तेवढ्यावर हे नऊही खेळ त्यांना लगेच कळले असते.

१४ डिसेंबर २०००ला जपानमध्ये सोनेरी-चंदेरी पिढीचा स्टेडियम आला, २५१ प्राणी आणि बारा नवे छोटे खेळ घेऊन. मार्च २००१मध्ये तो ‘स्टेडियम २’ म्हणून अमेरिकेत गेला. त्यात लढाईचे डावपेच शिकवणारी एक शाळाही होती, आणि पहिल्या पिढीची कार्ट्रिजंही चालत. खेळ म्हणून तो अधिक भरलेला आहे. पण निन्टेन्डो ६४चे दिवस भरत आले होते. २००३च्या ‘कलोसियम’मध्ये गेमक्यूब या पुढच्या घरगुती यंत्राला पुढचं हातातलं यंत्र केबलने जोडता येई, तिथे कथा आली आणि कथेभोवती खेळ फिरू लागला. २००६मध्ये वी या त्यानंतरच्या यंत्रावरचा ‘बॅटल रेव्होल्युशन’ डीएस या हातातल्या यंत्राशी बिनतारी बोलू लागला. मग हातातलं यंत्रच इतकं सशक्त झालं की मोठ्या यंत्राकडून देह मागायची गरज उरली नाही.

एप्रिल २०२३मध्ये निन्टेन्डोने जुना स्टेडियम स्विच या यंत्रावर वर्गणीदारांना खेळायला दिला. नऊ छोटे खेळ त्यात शाबूत आहेत. ट्रान्सफर पॅक नाही. सगळे सामने भाड्याच्या पोकेमॉनवर खेळायचे. मला हे खटकतं. ज्या दारासाठी घर बांधलं, ते दारच भिंतीत बुजवल्यासारखं आहे, आणि नव्या मुलाला तिथे कधी दार होतं हे कळण्याचा काही मार्ग नाही.

जुन्या यंत्रांवर खेळणाऱ्यांची अडचण निराळी. पहिल्या पिढीच्या कार्ट्रिजमधल्या बॅटऱ्या आता पंचवीस वर्षांच्या पलीकडे गेल्या आहेत. बॅटरी संपली की ४४ बाइटही जातात, आणि नवी बसवायला जुनी काढली तरी तेच. यावर जाणकारांचा उपाय म्हणजे सोनेरी-चंदेरी पिढीचा ‘स्टेडियम २’. त्याच्या कार्ट्रिजमधल्या स्मृतीला बॅटरी लागत नाही. ट्रान्सफर पॅक लावायचा, सगळे पोकेमॉन मोठ्या यंत्राच्या खोक्यांत हलवायचे, गेम बॉयचं कार्ट्रिज उघडून डाख देऊन नवी बॅटरी बसवायची, नवा खेळ सुरू करून जतन करायचा आणि मग एकेकाला परत आणायचं. ते जसेच्या तसे येतात: तीच पातळी, तेच डाव, मुलाने दहाव्या वर्षी ठेवलेलं तेच नाव. मालकाचा क्रमांकही जुनाच असतो. नव्या खेळाने मालकाला नवा क्रमांक दिलेला असतो, म्हणून तो त्यांना परक्याकडून आलेले समजतो. जिमचे पुरेसे बिल्ले मिळेपर्यंत शंभराव्या पातळीचा चारिझार्ड सांगितलेलं ऐकत नाही. तेव्हा चाळिशीकडे झुकलेली माणसं पहिल्या जिमपासून पुन्हा सुरुवात करतात.